गोणी रिकामी पाठवायची नाही

४ डिसेंबर १९९६
पश्चिम खिंड, हिवाळी तळ

देझिद,

गोणी रिकामी आली.

टपालगाडीच्या जिग्मेदने ती दारात टाकली. मी हात घालून चारी कोपरे चाचपले. शिवणीत लोकरीचे दोन केस आणि थोडं गोठलेलं रक्त, एवढंच. सदुसष्ट वर्षांची झाले. माझ्या तंबूतून गेलेलं भांडं कुणी रिकामं परत पाठवलं नव्हतं. वरच्या तळावरचा लोबसान सुद्धा नाही, आणि तो स्वतःच्या आईला शिळा चहा पाजतो. काही नसलं तर माणूस चिमूटभर मीठ घालतो. मीठही नसलं तर आगपेटीतली एक काडी घालतो. तू माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी, वसतिगृहाची अधीक्षिका, आणि तुझ्याकडे एक काडी नव्हती?

थंडी कशी आहे, जनावरं अंगावर मांस धरून आहेत का, हे आधी विचारायची रीत मला माहीत आहे. विचारणार नाही.

त्या गोणीतून दोन मेंढ्या गेल्या, कातडं आणि आतडी सोडून सगळ्या. जाड शेपटीच्या होत्या. सरकार आता वसतिगृहातल्या मुलांना मांस देत नाही, ज्याने त्याने आपल्या मुलामागे वर्षाला सत्तर किलो आणून द्यायचं, असा हुकूम आला तेव्हा मी कुरकुर केली का? केली. पण दिलं. माझ्या नातीने ते खावं म्हणून दिलं. तिची आई राजधानीच्या बाजारात मोजे विकत बसली आहे, तिच्याकडून सणाला एक जोड येतो, तोही माझ्या मापाचा नसतो. तेव्हा त्सोल्मोनचं जे काही बघायचं ते मीच बघते.

जिग्मेद म्हणतो, पोरगी हडकली आहे. दोन मेंढ्या खाऊन माणूस हडकतं का? तुझ्या स्वतःच्या चुलीवर काय शिजतं ते एकदा सांग.

फेब्रुवारीत नव्या वर्षाच्या सणाला मी तिला न्यायला येणार आहे. नंतर मेंढ्या विणार, मला हात हवे आहेत. पाच वर्षं शिकली, पुष्कळ झालं.

उत्तर तूच लिही. स्वयंपाकिणीकडून लिहून घेऊ नको. तिचं अक्षर मला लागत नाही.

खंदमा


१९ डिसेंबर १९९६
तालुक्याचं गाव

आदरणीय खंदमा मावशी,

हिवाळा सुखाचा चालला आहे ना? मेंढ्या-शेळ्या सुखरूप आहेत ना? तुमचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे ठीक आहेत.

गोणीबद्दल मान खाली घालून क्षमा मागते. त्या दिवशी जिग्मेद घाईत होता आणि मी विसरले. दुसरं काही कारण नाही. तुमच्यासारख्या वडीलधाऱ्या बाईच्या गोणीत काही घालायला विसरले, याची मला लाज वाटते. पुढच्या वेळी असं होणार नाही.

त्सोल्मोन बरी आहे. वाढीच्या वयात मुली उंच होतात, त्यामुळे बारीक दिसतात. अभ्यासात मधली आहे, पण गणितात तिला गोडी लागली आहे. कृपा करून तिला नेऊ नका. ही पाचवी पार पडली की पुढचं सोपं जातं.

वसतिगृहात थोडे बदल केले आहेत. मुलींच्या दोन खोल्या होत्या, त्या सगळ्या आता एका खोलीत झोपतात. त्यांना एकमेकींची सोबत होते. संध्याकाळचा अभ्यास स्वयंपाकघरात घेतो, तिथे मुलांचं लक्ष चांगलं लागतं. पुस्तकं चौघांत एक अशी दिली आहेत, त्यामुळे मुलांना मिळून वाचायची सवय लागते.

एक विनंती आहे. उरलेलं मांस वसंतात न देता आधी पाठवता आलं तर बरं होईल. आता थंडीत ते टिकतं, म्हणून म्हणते.

तुमची भाची,
देझिद


५ जानेवारी १९९७
पश्चिम खिंड

देझिद,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा भीती वाटली. तू लहानपणापासून खोटं बोलतेस तेव्हा फार नीटनेटकं बोलतेस.

म्हणे सोबत होते. कडाक्यात मेंढ्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात त्या सोबतीसाठी नाही. कोळसा नाही असं सरळ लिही. अभ्यास स्वयंपाकघरात, कारण तेवढी एकच चूल पेटते. चौघांत एक पुस्तक, आणि त्याची म्हणे सवय लागते. उद्या चौघांत एक बूट दिलास तर लंगडी घालायची सवय लागते असं लिहिशील.

आणि तू विसरलीस हे मला पटत नाही. तू सात वर्षांची असताना तुझ्या आईने तुला माझ्याकडे दुधाची कासंडी परत द्यायला पाठवलं होतं. वाटेत तुझ्या लक्षात आलं की ती रिकामी आहे. तू तीन डोंगर ओलांडून परत गेलीस आणि तिच्यात लोण्याचा गोळा घालून आणलास. पायाला फोड आले होते, मीच फोडले. ती मुलगी विसरत नाही. मग झालं काय?

मांस आधी पाठवायचं की नाही ते मी ठरवीन. तोवर काहीही पाठवणार नाही.

सोबतचं दुसरं पाकीट जिग्मेद त्सोल्मोनच्या हातात देईल. आत कोरा कागद आहे. तिने त्यावर लिहायचं: रश्श्यात मांसाचे तुकडे किती असतात, आणि माझी गोणी कुणी भरली, कुणी रिकामी केली. तू तिच्या खांद्यावरून बघायचं नाही.

उत्तर तिने द्यायचं.

खंदमा


२० जानेवारी १९९७
वसतिगृह

आजी,

तू बरी आहेस ना? आपला करडा घोडा बरा आहे ना? देझिद मावशी बाहेर गेली आहे, तिने पाहिलेलं नाही.

रश्श्यात तुकडे दोन असतात. कधी एक. पीठ जास्त असतं. रविवारी नुसतं पीठ असतं.

तू पाठवलेलं मांस सगळ्यांच्या पातेल्यात जातं. आधी नियम असा होता की ज्याच्या घरून मांस आलं नाही त्याला घरी पाठवायचं. नऊ जणांना पाठवलं. माझ्या शेजारी झोपणारी उयांगा पण गेली. तिच्या बाबांच्या मेंढ्या मागच्या हिवाळ्यात मेल्या, त्यांच्याकडे आता अकरा शेळ्या आहेत. उयांगा जाताना रडली नाही. तिने मला तिची पेन्सिल दिली, म्हणाली, मला आता लागणार नाही. नंतर आणखी तेरा जणांना पाठवायचं होतं, तेव्हा देझिद मावशी म्हणाली की हे मी करणार नाही, आणि तिने सगळं मांस एकत्र केलं. तिने ते कुणाला सांगितलेलं नाही.

आता गोणीचं सांगते. गोणीत मावशीने साखरेचे आठ खडे घातले होते, कागदात बांधून. तिच्या स्वतःच्या डब्यातले. गोणी दारात ठेवली होती. मी ते काढले. आम्ही खोलीत सोळा जणी आहोत, म्हणून अर्धा अर्धा केला. माझा मी लगेच खाल्ला, बाकीच्या चोखत होत्या. मावशीला कळलं तेव्हा गाडी निघत होती. ती रागावली नाही. म्हणाली, आजीला मी सांगेन की मी विसरले.

आजी, तू मला न्यायला ये. मी विचार केला आहे. मी घरी आले तर माझं मांस इथेच राहील आणि माझे दोन तुकडे दुसऱ्या कुणाला तरी मिळतील. उयांगासारखं कुणाला जावं लागणार नाही. आणि तुला कोकरांसाठी हात पण हवे आहेत. मला शाळा आवडते, पण मी काही पहिली येत नाही.

येताना शेणी आण. इथे रात्री पाण्याची बादली गोठते.

त्सोल्मोन


२९ जानेवारी १९९७
पश्चिम खिंड

त्सोल्मोन,

दुसऱ्याच्या गोणीत हात घालणं ही चोरी आहे. गोणी आजीची असली तरी चोरी आहे, आजीची असली तर जास्तच. भेटशील तेव्हा कान पिळीन, तयार राहा.

आठ खडे सोळा जणींत बरोबर वाटलेस. म्हणजे शाळा अजून चालू आहे.

मी तुझ्याएवढी असताना एक हिवाळा शाळेत होते. एकच. वाचायला आलं, बेरीज आली, वजाबाकी आली, गुणाकार निम्मा आला. मग मेंढ्या विण्याचे दिवस आले आणि माझा बाप घोडा घेऊन दारात उभा राहिला. बाई म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात भागाकार आहे, तेवढा होऊ द्या. बाप म्हणाला, भागाकार करून कोकरं वाढत नाहीत. मला भागाकार अजून येत नाही. सगळ्यांची जनावरं जिच्यात जमा होती ती सहकारी संस्था मोडली आणि जनावरं वाटली तेव्हा कारकुनाने कागदावर काहीतरी केलं आणि म्हणाला, तुमच्या वाट्याला एवढ्या. मी म्हटलं, बरं. बरोबर होतं की नव्हतं हे मी मरेपर्यंत मला कळणार नाही.

तुला न्यायला येणार होते. आता येत नाही. सणालाही येत नाही. तुझे दोन तुकडे तू खायचेस. दुसऱ्याला कुठून द्यायचे ते मोठ्या माणसांनी बघायचं, त्यासाठी तू शाळा सोडायची गरज नाही. पहिली येत नाहीस हे मला माहीत आहे. पहिलं येणाऱ्यांसाठीच शाळा असती तर एक खोली पुरली असती.

सोबतचं पत्र मावशीला दे. उघडू नको. उघडणार हे मला माहीत आहे, तरी नको म्हणते.

आजी


त्याच दिवशी

देझिद,

तुझ्या चुलीबद्दल जे लिहिलं ते मागे घेते. दुसऱ्यांदा मागे घेणार नाही, तेव्हा हा कागद जपून ठेव.

खांद्याच्या फऱ्याचं मांस एकट्याने खायचं नसतं, असेल तेवढ्यांनी तोडून खायचं असतं, हे तुझ्या आईनेच मला शिकवलं होतं. तू अख्खी मेंढी फरा समजून वाटलीस. वाटायचीस, पण मला सांगायचं होतंस. मी आरडाओरडा केला असता, मग दिलं असतं. माझी पद्धत तुला माहीत नाही का?

आता ऐक. उरलेल्या दीड मेंढ्या जिग्मेदबरोबर येत आहेत. त्याने काही होणार नाही, पंधरा दिवस जातील. म्हणून मी तंबूवरचं जुनं कापड फाडून बारा गोण्या शिवल्या. या खिंडीत आणि पलीकडे मिळून अकरा तळ आहेत. प्रत्येक तळावर एक गोणी जाईल. प्रत्येक गोणीत सुकवलेल्या दह्याची एक वडी, एकच, आणि निरोप: खंदमाने सणाची भेट पाठवली आहे, गोणी तिला परत लागते, जिग्मेद परवा वसतिगृहाकडे जाताना घेऊन जाईल.

कोण रिकामी परत पाठवतो ते मला बघायचं आहे. लोबसानकडे मी स्वतः घोड्यावरून नेणार आहे आणि तो गोणी भरेपर्यंत त्याच्या आईशेजारी बसणार आहे.

बारावी गोणी जिल्ह्याला, शिक्षण कचेरीतल्या सोदनोम साहेबाला. मांसाच्या हुकुमाखाली त्याचीच सही आहे ना? त्यालाही एक वडी. माणूस आहे, चावेल.

पोचल्याचं तू लिही.

खंदमा


३ मार्च १९९७
तालुक्याचं गाव

मावशी,

सगळं पोचलं. जिग्मेदची गाडी आवारात आली तेव्हा मुलांना वाटलं पाहुणे आले. चार मेंढ्या, दोन शेळ्या, एका याकची मागची तंगडी, पिठाची दोन पोती, लोणी, आणि सात गोण्या शेणी. एका गोणीत नुसते लहान मुलांचे बूट होते, वापरलेले पण चांगले. लोबसानने अख्खी मेंढी दिली आहे. तुम्ही त्याच्या तंबूत किती वेळ बसलात? त्याची आई म्हणे जिग्मेदला म्हणाली, खंदमाला सांग, दर महिन्याला ये.

तीन आठवडे रस्सा दाट होता. मुलं दुपारच्या तासाला झोपायची बंद झाली. शिक्षक विचारायला आले की तुम्ही काय केलंत.

आता दुसरं सांगते. यावेळी खोटं लिहीत नाही, म्हणून अक्षर वाकडं आलं आहे.

जिल्ह्यातून तपासनीस आला होता. त्याने भांडार पाहिलं आणि विचारलं, हे मांस कुणाच्या नावावर जमा आहे. मी म्हटलं, कुणाच्याच नाही, लोकांनी दिलं. तो म्हणाला, पावतीशिवाय मांस घेता येत नाही. मला लेखी खुलासा मागितला आहे. आणि जाता जाता हुकूम चिकटवून गेला: पंधरा मार्चपासून वसतिगृह बंद. शाळा चालू राहील, वसतिगृहासाठी या वर्षी तरतूद उरलेली नाही. मुलांना पालकांनी घेऊन जावं.

अर्ध्या दिवसाच्या वाटेवरून कोण रोज शाळेत येणार? वसतिगृह नसलेली शाळा म्हणजे गावातल्या दुकानदारांच्या मुलांची शाळा. मी मुलांना अजून सांगितलेलं नाही. त्सोल्मोनला कळलं आहे, तिने हुकूम वाचला. तिने मला विचारलं, तरतूद म्हणजे काय.

तुम्ही तिला न्यायला या. मी आता अडवत नाही.

देझिद


१८ मार्च १९९७
जिल्हा शिक्षण कचेरी
जावक क्रमांक ११४

प्रति: नागरिक खंदमा, पश्चिम खिंड

वसतिगृह बंद करू नये याबाबतचे आपले दिनांक नसलेले पत्र प्राप्त झाले. वसतिगृहांच्या खर्चातील कपात सर्व तालुक्यांना समान रीतीने लागू असून कोणत्याही एका वसतिगृहाबाबत वेगळा निर्णय घेता येत नाही. पुढील वर्षी निधी उपलब्ध झाल्यास योग्य तो विचार केला जाईल. पशुपालक कुटुंबांनी मुलांच्या शिक्षणात दाखविलेल्या सहभागाबद्दल कचेरी आभारी आहे.

आपली गोणी (एक नग) सोबत परत करण्यात येत आहे.

सोदनोम यांच्या वतीने


२७ मार्च १९९७
शाळेचं आवार, तालुक्याचं गाव

सोदनोम साहेब,

गोणी रिकामी आली.

यावेळी मी नीट पाहिलं. डिसेंबरातही एक गोणी रिकामी आली होती आणि मी चुकीच्या बाईवर ओरडले. तिच्यातलं माझ्याच नातीने काढलं होतं, कारण ती भुकेली होती. तुमच्या कचेरीत कुणी भुकेलं असेल असं वाटत नाही. जिग्मेदने तुमची इमारत पाहिली आहे. म्हणतो, आत शर्टावर बसतात, खिडक्या उघड्या.

वडी परत आली नाही. म्हणजे खाल्लीत. मग गोणीत काही घालायला हवं होतं. तुमची आई कुठल्या तळावरची ते मला माहीत नाही, पण तिने हे तुम्हाला शिकवलं नसेल असं होणार नाही. तुम्ही ते कुठेतरी सांडलंत.

मी कुठून लिहिते ते वर पाहा. माझ्या विणाऱ्या मेंढ्या मी उयांगाच्या आईबापांकडे दिल्या. त्यांची जनावरं मेली आहेत, हात रिकामे आहेत. निम्मी कोकरं त्यांची. मेंढ्या दुसऱ्याच्या हाती देताना एकेकीच्या मानेवरची लोकर काढून मी कनवटीला ठेवली, भाग्य घरातून जाऊ नये म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा विणीच्या दिवसांत मी मेंढ्यांपाशी नाही. झोप येत नाही, कान तिकडेच असतात.

तंबू मोडला, जिग्मेदच्या गाडीत घातला, आणि शाळेच्या भिंतीला लागून उभा केला. तपासनीस आला होता. विचारलं, हे काय. मी म्हटलं, घर. म्हणाला, परवानगी? मी म्हटलं, तंबूला परवानगी कधीपासून लागते, आणि चहा दिला. प्यायला. त्याच्या कपाची नोंद मी केलेली नाही, तुमच्या लोकांना पावती आवडते म्हणून सांगते.

आत माझ्यासकट बारा जण झोपतो. उयांगा परत आली आहे, तिची पेन्सिल तिला मिळाली. पाय पसरायला जागा नाही, पण बादली गोठत नाही. माझी भाची देझिद हिला तुम्ही कामावरून काढलंत, ती सकाळी येऊन पीठ मळते. खुलासा तिने लिहिलेला नाही. मी म्हटलं, लिहू नको, चूक तुझी नाही.

परवा त्सोल्मोनने मला भागाकार शिकवला. अजून अडखळते, पण जमतो. म्हणून मी तुमच्या हुकुमाची वाटणी मांडून पाहिली. आधी घरी पाठवलेली धरून वसतिगृहात अठ्ठेचाळीस मुलं होती. अकरा माझ्याकडे. सहा गावात नातेवाइकांकडे. उरली एकतीस. ती डोंगरात आहेत, मेंढ्यांमागे. तुम्ही लिहिलं आहे की कपात सगळ्यांना समान लागू आहे. समान कशी? तुमच्या खुर्चीला किती आली?

माझ्या तंबूत बाराव्या मुलालाही जागा नाही. मी सगळ्यांना ठेवू शकत नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात मी असेन का हेही माहीत नाही. हे काम तुमचं आहे. मी फक्त मध्ये उभी आहे.

गोणी पुन्हा पाठवते. यावेळी वडी नाही. आत एकतीस नावं आहेत, प्रत्येक वेगळ्या कागदावर, त्सोल्मोनच्या हाताने. दोन नावांत चुका आहेत, मी तिला खोडू दिल्या नाहीत. ती मुलं कुठल्या तळावर आहेत ते मागे लिहिलं आहे. प्रत्येक घरी तुम्ही एकेक पत्र लिहायचं: मूल शाळेत कधी परत यायचं. एकतीस पत्रं याच गोणीत घालायची आणि जिग्मेदकडे द्यायची, तो वाटेल.

उत्तर तुम्ही द्यायचं. ज्याने तुमच्या वतीने सही केली त्याने नाही. टंकणाऱ्या बाईने नाही. तुमच्या हाताने, तुमच्या अक्षरात.

खंदमा